जर्मन कोच आणि बाईंची चेष्टा

माझ्या मोबाइलमध्ये एक जर्मन माणूस राहायला आला, त्या दिवसांत आमच्या दोन शाळांचं एकीकरण चाललं होतं आणि मला एका जागी पाच मिनिटं बसवत नव्हतं. घरात असलो की वाटायचं बाड्यावर, म्हणजे आमच्या ग्वाल्हेरच्या मुख्य चौकात, एक चक्कर मारून यावी. बाड्यावर पोचलो की वाटायचं घरी काही निरोप आला असेल. बायको म्हणायची, "तू काय सवारी टेम्पोत कोंबून बसवतात तसा अर्धाच टेकतोस खुर्चीवर? नीट बस बिल्कुल." मी नीट बसायचो आणि मोबाइल काढायचो.

तो जर्मन माणूस फुटबॉलचा कोच होता. आधी स्वतः खेळलेला. खेळाडू म्हणून त्याचं फार नाव झालं नव्हतं. त्याच्या देशाचे दोन तुकडे होते त्या काळात तो पूर्वेच्या बाजूला बचावफळीत खेळायचा. मग दोन्ही देश एक झाले, संघ एक झाले. दोन संघांचे मिळून बावीस जण, पण एकीकरणानंतर मैदानात जाणार अकराच. तो उरलेल्या अकरांतला. हे मी कुठंतरी वाचलं आणि त्याच्याबद्दल मला भलतीच आपुलकी वाटायला लागली. कारण आमच्याकडंही तेच चाललं होतं, फक्त आकडे लहान होते.

कोच म्हणून त्यानं किती सामने जिंकले हे त्याच्या चाहत्यांपैकी फारसं कुणी सांगू शकलं नसतं. तो गाजला तो मोबाइलवर. पत्रकारानं मिनिटभराचा लांबलचक प्रश्न विचारावा, यानं मान खाली घालून तो सगळा ऐकावा, आणि मग वर बघून म्हणावं, "नाइन." म्हणजे जर्मनमध्ये 'नाही'. झालं उत्तर. लोकांनी तो तुकडा कापून कशालाही चिकटवला. सुट्टीच्या अर्जाला चिकटवला, स्थळ पाहायला आलेल्या पाहुण्यांना चिकटवला, वीज खात्याला तर किती वेळा चिकटवला त्याला गणतीच नाही. आमच्या शाळेतल्या मुलांना पुष्कळ दिवस वाटत होतं की तो नऊ नंबरच्या खेळाडूला हाक मारतोय. "सर, ये हर बार नाइन नंबर को ही क्यों बुलाता है? बाकी दस क्या करें?" असं एकानं मला गंभीरपणे विचारलं होतं.

त्याची दुसरी क्लिप मला जास्त आवडायची. आपल्या संघानं सोपा गोल घालवला की तो रेषेबाहेर आधी दोन्ही हात आकाशात फेकायचा, मग डोकं धरायचा, मग पायाजवळची पाण्याची बाटली लाथेनं उडवायचा. आणि मग, हे सगळ्यात महत्त्वाचं, स्वतः जाऊन ती बाटली उचलून पुन्हा जागेवर नीट उभी करायचा. जगभरातले लोक त्या बाटलीवर जीव टाकायचे. मीसुद्धा त्यांतलाच. मी 'कोच मास्तर' नावाचं एक पान उघडलं आणि त्याच्या क्लिपांना आमच्या ग्वाल्हेरच्या भाषेत बोल लावून टाकायला लागलो. जर्मन मला ओ की ठो येत नाही. पण तो माणूस काय म्हणत असेल हे त्याच्या कपाळावर लिहिलेलं असायचं. पान चाललं. पुण्याचे, नागपूरचे, इंदूरचे लोक येऊन हसायला लागले, आणि सकाळी उठून दात घासायच्या आधी मी किती लोक वाढले ते बघायला लागलो.

आता शाळांचं सांगतो. नया बाजाराच्या मागच्या गल्लीत आमची मुलांची शाळा आणि कंपू नावाच्या भागात मुलींची. दोन्ही एकाच संस्थेच्या, मराठी मंडळींनी फार पूर्वी काढलेल्या. मुलं कमी होत गेली, तेव्हा संस्थेनं ठरवलं की दोन्ही शाळा कंपूत एकत्र करायच्या. गणिताचे दोन्ही शिक्षक राहिले, हिंदीचे राहिले. पण मैदान एक, म्हणून खेळशिक्षकही एकच. दुसरा 'अतिशेष'. हा शब्द आमच्याकडे सरकारी कागदातून आला आणि घराघरांत शिरला. महाराष्ट्रात म्हणे 'अतिरिक्त' म्हणतात, ते जरा बरं वाटतं कानाला. अतिशेष म्हणजे पंगत उठल्यावर पातेल्यात राहिलेलं काहीतरी, असंच मला नेहमी वाटायचं. जो अतिशेष ठरेल त्यानं संस्थेच्या दूरच्या शाखेत जायचं. बसनं जायला दोन तास, यायला दोन तास, आणि तिथं मैदान नाही, नुसतं आवार.

आमच्या शाळेचा खेळशिक्षक मी. मुलींच्या शाळेच्या खेळशिक्षिका म्हणजे बाई.

बाईंनी मला चौथीत शिकवलं होतं. तेव्हा त्या नव्यानं लागलेल्या होत्या, आमच्या शाळेत खेळ आणि मराठी दोन्ही घ्यायच्या. आता हिंदी बोलणाऱ्या मुली त्यांना मॅडम म्हणतात, कारण हिंदीत बाई म्हणजे भांडी घासायला येते ती. पण आम्हा जुन्या विद्यार्थ्यांच्या तोंडी बाईच. एकट्या राहत. गुडघे दुखायचे, निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. हे हॉकीचं गाव, बाईही हॉकीच्याच, पण मुलींना फुटबॉल हवा झाला तेव्हा त्यांनी पन्नाशीनंतर पुस्तक आणून ऑफसाइडचा नियम पाठ केला. दररोज संध्याकाळी पाचला बाई मैदानावर असायच्या आणि मुलींनी सोपा गोल घालवला की हात आकाशात फेकायच्या, मग डोकं धरायच्या. बाटलीवर लाथ मारताना मी त्यांना स्वतः पाहिलं. मग गुडघा धरून, कण्हत, ती बाटली त्या उचलून आणत.

हे पाहून मला राहवलं नाही. मी त्यांना जर्मन कोचची क्लिप दाखवली. बाईंनी चष्मा कपाळावरून खाली ओढून ती तीनदा पाहिली. "चांगला माणूस आहे रे," त्या म्हणाल्या. "खोटं हसत नाही." मी म्हटलं, बाई, तुमची अशीच काढतो. त्या म्हणाल्या, "काढ ना. पण शिट्टी वाजवताना नको, गाल फुगतात माझे."

मी क्लिप काढली. अर्ध्या पडद्यावर जर्मन कोच, अर्ध्यावर बाई. हात वर, हात वर. डोकं, डोकं. बाटली, बाटली. इतकं जुळलं होतं की माझ्याच अंगावर काटा आला. आणि वर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'जर्मनी असो की कंपू, चेष्टा एकच!'

तुम्ही महाराष्ट्रातले असाल तर इथं एव्हाना हसला असाल. पण आमचं ऐका. आमच्या मराठीला हिंदीच्या शेजारात राहून पुष्कळ वर्षं झाली. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, मनापासून केलेली धडपड. माझे वडील लहानपणी मला सायकल शिकवताना मागून ओरडायचे, "चेष्टा कर, चेष्टा कर, येईल!" आणि मी चेष्टा करत करत गटारात जायचो. आमच्या घरात चेष्टेला थट्टेचा वास कधी नव्हताच. म्हणजे मराठी पुस्तकांत वाचलेला होता, बाईंनीच शिकवलेला होता. पण लिहिताना हाताला आला तो घरातला शब्द. दोघांची तळमळ सारखी, एवढंच मला म्हणायचं होतं.

सोमवारी सकाळी क्लिप टाकली. दुपारपर्यंत ती माझ्या हातातून गेली होती. हिंदीवाले लिहीत होते, 'मैडम की चेष्टा को प्रणाम', 'ऐसे गुरु सबको मिलें'. आणि मराठीवाले लिहीत होते, 'काय चेष्टा लावलीय बिचाऱ्या बाईंची', 'काकू जरा जपून, गुडघा जाईल'. कुणीतरी बाईंच्या तोंडी त्या कोचचं 'नाइन' बसवलं. कुणी बाटलीच्या जागी नवरा बसवला. एकाच ओळीखाली काही लोक नमस्कार करत होते आणि काही दात काढत होते, आणि दोघांनाही आपलंच बरोबर वाटत होतं. ओळ बदलावी म्हणून मी बोट ठेवलं, तर क्लिप आणखी वाढलेली दिसली. म्हटलं, संध्याकाळी बदलू. खरं सांगायचं तर वाढणारा आकडा थांबवायला माझा हात धजला नाही.

बुधवारी संस्थेच्या सेक्रेटरींनी बोलावलं. हे घराणं एकेकाळी दरबारात मोठ्या हुद्द्यावर होतं, आता वकिली करतं. आमच्यासारख्या शिपाईगड्यांच्या वंशजांनी मराठीचं वाटोळं केलं असं त्यांचं मत आहे आणि ते तोंडावर सांगतात. त्यांच्या घरात 'चाय' म्हटलेलं चालत नाही, चहाच म्हणावं लागतं.

त्यांनी मला बसवलं. मी अर्धाच टेकलो.

"तुम्ही त्या बाईंची चेष्टा केलीत, ते काही बरं केलं नाहीत," ते म्हणाले. "ज्येष्ठ शिक्षिका आहेत."

मी तोंड उघडलं. काका, चेष्टा म्हणजे आपली ती हिंदीतली, एवढं एकच वाक्य म्हणायचं होतं. ते जिभेवर आलेलंसुद्धा होतं.

"पण आता झालं ते झालं," ते पुढं म्हणाले. "सगळ्या गावात झालं आहे. मुली त्यांच्याकडे बघून हसणार. शिस्त कशी राहील? आणि एक मान्य करायला हवं, तुमच्या त्या पानाला लोक पुष्कळ आहेत. नव्या शाळेला त्याचा उपयोग होईल. मैदान तुम्हीच सांभाळा, असं समितीपुढे ठेवावं म्हणतो. तुमचं काय मत?"

आता माझीही एक बाजू ऐका. ती मी स्वतःला हजार वेळा ऐकवली आहे. वडिलांना आठवड्यातून दोनदा कंपूत रुग्णालयात न्यावं लागायचं. बसनं दोन तास लांब गेलो असतो तर त्यांना कोण नेणार? बायकोची नोकरी सकाळची. हे सगळं खरंच आहे. पण सेक्रेटरींच्या समोर त्या क्षणी मला वडील आठवले नव्हते, हेही खरं आहे. मला मैदान दिसलं, पाच वाजता पाणी मारलेलं. आणि मी म्हणालो, "तुम्ही म्हणाल तसं, काका."

चेष्टेचा अर्थ मी गिळला. चहा पिऊन बाहेर आलो.

पुढचे दिवस कसे काढले ते विचारू नका. रोज सकाळी ठरवायचं की आज जाऊन सेक्रेटरींना सांगायचं. दुपारी ठरवायचं की आधी बाईंना सांगायचं, मग सेक्रेटरींना. संध्याकाळी ठरवायचं की समितीची बैठक होऊ दे, कदाचित त्यांचं मत बदलेल. बाईंच्या मैदानावर मी जाईनासा झालो. एकदा टेम्पोतून जाताना त्या फाटकाशी उभ्या दिसल्या, मी मान फिरवून औषधांच्या दुकानाची पाटी वाचत बसलो. वडील म्हणाले, "तुझं काही बिनसलंय का?" मी त्यांच्यावर खेकसलो. आजारी माणसावर खेकसलो आणि नंतर तासभर त्यांचे पाय दाबत बसलो, तेव्हा ते हसून म्हणाले, "आता काय केलंस रे तू?" मला रडू आलं, पण सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात तिकडं जर्मन कोचला क्लबनं काढलं. लागोपाठ हरला होता. मला वाटलं आता लोक त्याला विसरतील. झालं उलटंच. नोकरी गेली त्या दिवशी तो जितका फिरला तितका आधी कधी फिरला नव्हता. पत्रकारानं विचारलं, 'वाईट वाटतं का?' आणि तो म्हणाला, 'नाइन.' सगळ्यांनी हृदयं टाकली. मीही माझ्या पानावर टाकली ती क्लिप. जगभर एवढे लोक त्याच्यावर जीव टाकत होते, पण त्यांतल्या एकालाही तो उद्या सकाळी उठून कुठं जाणार हे ठाऊक नव्हतं. मी पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांकडं बघितलं. त्याला वाईट वाटत होतं. चांगलंच वाईट वाटत होतं. मी मोबाइल उशीखाली सरकवला आणि पाच मिनिटांनी पुन्हा बाहेर काढला.

त्या शुक्रवारी आदेश निघाले. मैदान माझं. बाई अतिशेष, सोमवारी शाखेत रुजू व्हायचं.

शनिवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. नया बाजारातल्या एका दुकानावरच्या दोन खोल्या. बाई जमिनीवर बसून मुलींच्या जर्सी घडी करत होत्या, नंबर वर येतील अशा. नव्या माणसाच्या ताब्यात द्यायला, म्हणजे माझ्या.

"ये ना. चाय पिशील?"

मी उभ्या उभ्याच सुरू केलं. बाई, मला तसं म्हणायचं नव्हतं. बाई, तो शब्द आपल्याकडचा, हिंदीतला. चेष्टा म्हणजे कोशिश. मी तुमची थट्टा केली नाही, आईशप्पथ नाही, तुमची तळमळ त्या जर्मन माणसाइतकीच आहे असं मला म्हणायचं होतं. धडाधड बोललो. श्वाससुद्धा घेतला नसेन.

बाईंनी सात नंबरची जर्सी घडी करून ठेवली.

"ते मला त्या दिवशीच समजलं होतं," त्या म्हणाल्या. "तुला मराठी कुणी शिकवली? निबंधात तू हाच शब्द लिहायचास, मी लाल पेननं गोल करायचे. तुझे वडील पण असंच बोलतात. मला काही लागलं नाही त्याचं. उलट मला तर क्लिप आवडली. चार वेळा बघितली मी."

मला इतकं हलकं वाटलं की मी खाली बसलोच.

"मग तुम्ही सेक्रेटरींना सांगितलं का नाही, बाई? ते तर समजले की..."

"मी का सांगायचं?" बाईंचा आवाज चढला नाही. "लिहिलं तू होतंस. माझी चेष्टा झाली की नाही ते मी जाऊन सांगू? कसं दिसतं ते? मला माहीत होतं तू जाशील. वाटायचं, आज जाईल. अकरा दिवस वाट बघितली मी तुझी. मतलब, फाटकात पण उभी राहायचे. तू टेम्पोतून गेलास ना एकदा."

मी घडी केलेली एक जर्सी उगाच पुन्हा सरळ केली.

"आदेश काल आला," त्या म्हणाल्या, "आणि तू आज आलास."

खालच्या दुकानात कुणीतरी भाव करत होतं. मला लाज वाटली. या शब्दापेक्षा मोठा शब्द माझ्याकडं नाही, असता तर तोच लिहिला असता. बाई उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून, आणि आतून दोन कप घेऊन आल्या. मग जणू काहीच झालं नाही अशा सुरात म्हणाल्या, "वैसे सोमवार अजून यायचाय. आदेश फिरवतात ते, पूर्वी फिरवलेत. सेक्रेटरी शनिवारी घरीच असतात. तू जाऊन एवढंच सांग की शब्द हिंदीतला होता. बाकी काही सांगू नको. मग त्यांना ज्याला ठेवायचं त्याला ठेवू देत. जाशील?"

"जातो, बाई. आत्ताच जातो."

"जा मग. चाय पिऊन जा."

मी चहा प्यालो, त्यांच्या पाया पडलो. त्यांनी पाठीवर हात ठेवला, शाळेत ठेवायच्या तसाच. खाली उतरलो. सेक्रेटरींचं घर तिथून पायी दहा मिनिटांवर होतं. ऑटोवाल्यानं विचारलं, "किधर, सर?"

मी त्याला माझ्या घराचा पत्ता सांगितला.